ओळखीची खूण

१९९१ च्या जून महिन्यात मी एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्राची शिक्षिका म्हणून रुजू झाले. कार्यालयातल्या लिपिकांनी माझं सेवापुस्तक भरायला घेतलं. नाव, जन्मतारीख, उंची असं लिहीत लिहीत ते 'ओळखीच्या खुणा' या रकान्यापाशी आले आणि थांबले. माझ्या उजव्या गालाच्या खालच्या कडेपासून मान, खांदा आणि कोपरापर्यंतचा हात असा भाजल्याचा व्रण आहे. वर्गाच्या शेवटच्या बाकावरूनही तो दिसतो. लिपिकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कागदाकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "मॅडम, हातावर कुठे तीळ वगैरे?" मी डावा तळहात पुढे केला. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि लिहिलं, 'डाव्या तळहातावर तीळ'. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले तोवर सरकारदरबारी माझी ओळख तीच राहिली.

त्या गृहस्थांचा हेतू चांगलाच होता. मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी ती काळजी घेतली. पण घरी येताना माझ्या मनात आलं, की जी खूण सगळ्यांत आधी दिसते ती लिहिता का येत नाही? व्रणाकडे पाहणाऱ्याला नेमकं काय दिसतं? आणि ज्याच्या अंगावर तो असतो त्याला लोकांच्या नजरेत काय दिसतं? नोकरीच्या काळात या प्रश्नांचा पिच्छा पुरवायला सवड मिळाली नाही. निवृत्तीनंतर वाचन केलं, भाजलेल्या काही स्त्रीपुरुषांशी बोलले आणि स्वतःच्या आठवणीही पुन्हा तपासल्या. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

कातडीची डागडुजी

आधी माझा अपघात थोडक्यात सांगते. १९७३ साल, सांगली जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. मी सात वर्षांची होते. आई हवेच्या स्टोवर भात टाकत होती. स्टो मधेच विझला, तिने गरम टाकीतच रॉकेल ओतलं आणि भडका उडाला. मी शेजारी पाटीवर पाढे लिहीत बसले होते. आईच्या अंगावर सुती लुगडं होतं, माझ्या अंगावर आत्याने मुंबईहून आणलेला टेरिलीनचा फ्रॉक. सुती कापड जळतं आणि त्याची राख होते, टेरिलीन वितळून अंगाला चिकटतं. आईने अंगावर घोंगडी टाकून आग विझवली. शेजाऱ्यांनी धावत येऊन भाजल्या जागी शाईची दौत रिकामी केली, कारण त्या वेळी घराघरांत हाच उपाय माहीत होता. भाजल्यावर शाई, टूथपेस्ट, चुना, बर्फ यांपैकी काहीही लावायचं नसतं. वीसेक मिनिटं साधं, वाहतं, गार पाणी सोडायचं आणि स्वच्छ कापड झाकून दवाखाना गाठायचा, हे मला जीवशास्त्राची पदवी घेतल्यावर कळलं.

त्वचेचे ढोबळमानाने दोन थर असतात. वरचा पातळ थर सतत झिजतो आणि नव्याने तयार होतो. जखम तेवढ्यापुरती असेल तर मागे खूण राहत नाही. खालच्या जाड थरात रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं आणि कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात. जखम या थरात खोलवर गेली, की शरीरापुढे दोनच पर्याय उरतात. हळूहळू मूळ वीण परत विणायची, किंवा घाईने ठिगळ लावायचं. उघडी जखम म्हणजे रक्त वाहून जाण्याचा आणि जंतू आत शिरण्याचा रस्ता, म्हणून शरीर ठिगळाचा पर्याय निवडतं. निरोगी त्वचेत कोलॅजनचे तंतू टोपलीच्या विणीसारखे आडवेतिडवे गुंतलेले असतात. व्रणात ते बरेचसे एकाच दिशेने, दाटीवाटीने पडलेले असतात. त्यामुळे व्रण कितीही जुना झाला तरी त्याची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे जात नाही.

हे काम वर्ष-दोन वर्षं चालू राहतं. पहिले काही महिने व्रण लाल, जाड आणि कडक होत जातो. घरचे लोक 'बरं होण्याऐवजी बिघडतंय' म्हणून घाबरतात, पण तो या प्रक्रियेचाच भाग असतो. पुढे तो हळूहळू मऊ आणि फिका पडतो. काहींच्या बाबतीत मात्र शरीराला थांबायचं कळत नाही. व्रण जखमेची हद्द ओलांडून आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर पसरतो. त्याला किलॉइड म्हणतात. सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या लोकांत त्याचं प्रमाण जास्त असतं. कान टोचल्यावर पाळीला गाठ आलेली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिलेली आहेत.

पाहणाऱ्याला व्रणाचा रंग आणि आकार दिसतो. ज्याच्या अंगावर तो असतो त्याच्या तक्रारी वेगळ्याच असतात. पहिली तक्रार खाजेची. पहिली दोन वर्षं मी रात्र रात्र खाजवत असे. वेदनेवर लोक हळहळतात, खाजेवर ओरडतात. दुसरी तक्रार उकाड्याची. खोल भाजलेल्या जागी घामाच्या ग्रंथी परत येत नाहीत. सांगलीच्या मे महिन्यात माझी डावी बाजू घामाने निथळायची आणि उजवी कोरडी, तापलेली राहायची. तिसरी तक्रार आखडण्याची. व्रण आकसत जातो आणि सांध्यावर असेल तर सांधा बांधून टाकतो. माझी हनुवटी हळूहळू खांद्याकडे ओढली गेली. शिवाय मूल वाढतं, व्रण त्या वेगाने वाढत नाही. म्हणून एकदा सोडवलेला सांधा वाढीच्या वयात पुन्हा अडकू शकतो. नऊव्या आणि तेराव्या वर्षी अशा माझ्या दोन शस्त्रक्रिया झाल्या. मांडीची कातडी काढून मानेला लावली, त्यामुळे मांडीवरही एक चौकोनी डाग राहिला. लोकांच्या दृष्टीने मी एकाच ठिकाणी भाजले आहे. माझ्या हिशेबात जागा दोन आहेत.

आज यासाठी घट्ट बसणारे दाबकपडे, सिलिकॉनच्या पट्ट्या, व्यायाम आणि मालिश असे उपाय आहेत. दाबकपडे दिवसातले जवळजवळ चोवीस तास, महिनोन् महिने वापरावे लागतात. माझ्या वेळी आमच्या गावात होतं ते खोबरेल तेल आणि आईचा अंगठा. रोज संध्याकाळी दिवा लागल्यावर आई मानेवर तेल चोळत असे. मी ओरडत असे आणि ती चोळत असे. माझी मान आज दोन्हीकडे वळते, त्याचं निम्मं श्रेय शल्यचिकित्सकांना आणि निम्मं तिच्या अंगठ्याला जातं.

देवीचे वण

'व्रण' हा शब्द मुळात जखमेचा. आपण मराठीत तो जखमेच्या खुणेसाठी वापरतो, आणि बोलताना त्याचा 'वण' होतो. सुश्रुतसंहितेने या शब्दाची फोड करताना म्हटलं आहे, की जखम भरून आली तरी तिची खूण देह असेपर्यंत जात नाही, म्हणून हा व्रण. याच ग्रंथात व्रणावरचे साठ उपचार सांगितले आहेत. त्यांच्या शेवटी येतो तो 'वैकृतापह' नावाचा गट, म्हणजे जखम भरल्यानंतर उरलेली विरूपता घालवण्याचे उपाय. पांढऱ्या पडलेल्या व्रणाला काळेपणा आणणं, काळ्या व्रणाला गोरेपणा आणणं, गेलेले केस पुन्हा उगवणं यांचा त्यात समावेश आहे. ते उपाय कितपत लागू पडत, हा निराळा प्रश्न. मला महत्त्वाची वाटते ती त्यामागची समज. जखम भरली म्हणजे वैद्याचं काम संपलं, असं त्या ग्रंथकाराला वाटत नव्हतं.

व्रणाचा अर्थ समाजात कसा ठरतो याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण आपल्याच दंडावर आहे. साठीच्या आसपासच्या वाचकांनी बाही वर करून पाहावी. देवीच्या लशीचे रुपयाएवढे, दबलेले, सुरकुतलेले चट्टे दिसतील. आपल्या देशात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. पुढे पावणेदोनशे वर्षांनी, १९७५ च्या मे महिन्यात, देशातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण बिहारमध्ये आढळला. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात गावोगाव 'देवी काढायला' येणाऱ्यांनी कोट्यवधी दंडांवर व्रण करून ठेवले. माझ्या डाव्या दंडावरही दोन आहेत. त्यांच्याविषयी मला आजवर एकाही माणसाने काही विचारलेलं नाही. सगळ्यांच्याच अंगावर असलेला व्रण कोणाला दिसत नाही.

उलट ज्यांना प्रत्यक्ष देवी आल्या आणि चेहऱ्यावर वण राहिले, त्यांची गत निराळी होती. आमच्या गल्लीत अशा एक आजी होत्या. त्यांना लोक त्यांच्या नावाने न ओळखता वणांवरून पडलेल्या नावाने ओळखत. त्यांच्या पिढीत असे चेहरे भरपूर होते, त्यामुळे कोणी वळून पाहत नसे, पण मुलीचं लग्न जमवताना मात्र वण मोजले जात. म्हणजे एकच खूण बाजारात चालते आणि बैठकीत अडते. कुठली खूण कुठे अडेल हे त्या खुणेवर अवलंबून नसतं, ती कोण आणि कशासाठी पाहतो आहे यावर असतं.

नाक आणि अब्रू

मराठीत अब्रू गेली की 'नाक कापलं गेलं' असं म्हणतात. हा वाक्प्रचार उगाच आलेला नाही. नाक कापणं ही खरोखरच शिक्षा होती. शरीरावर अशी खूण करायची, की माणूस जिथे जाईल तिथे त्याचा गुन्हा त्याच्या आधी पोचेल. अशा माणसांना नवं नाक बसवण्याची कला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. तिचं प्रसिद्ध उदाहरण पुण्याचंच आहे. कावसजी नावाचा बैलगाडीवान इंग्रजी सैन्याबरोबर होता. १७९२ च्या युद्धात टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने, जो वीटकाम करणाऱ्या जातीतला होता, कपाळावरची कातडी वळवून त्याला नाक करून दिलं. त्याचं चित्र आणि हकिगत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये छापून आली. ती वाचून प्रेरणा घेतलेल्या जोसेफ कार्प्यूने १८१४ साली लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया केली. आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात हा टप्पा आवर्जून सांगितला जातो.

या हकिगतीत माझं लक्ष कपाळाकडे जातं. नाक परत आलं, पण कपाळावर नवा व्रण उरला. तरीही सौदा परवडला, कारण कापलेलं नाक 'शिक्षा' म्हणून वाचलं जात होतं आणि कपाळावरचा व्रण नुसता व्रण होता. लोक खूण पाहत नाहीत, खुणेमागची गोष्ट वाचतात. आणि गोष्ट माहीत नसेल तर जवळची, तयार असलेली गोष्ट तिथे बसवून टाकतात.

अशा तयार गोष्टी आपल्याला लहानपणापासून पुरवल्या जातात. खलनायकाच्या गालावर वार असतो, नायकाच्या छातीवर असतो. पुरुषाचा व्रण बहुधा पराक्रमाच्या खात्यात जातो. स्त्रीचा व्रण तिच्या नशिबाच्या खात्यात जातो. १९७८ च्या 'सत्यम् शिवम् सुंदरम्' या चित्रपटात नायिकेचा चेहरा लहानपणी उकळत्या तेलाने भाजलेला असतो आणि सगळं कथानक तो चेहरा पदराआड लपण्याभोवती फिरतं. तो चित्रपट आला तेव्हा मी बारा वर्षांची होते. वर्गातल्या मुलींनी मला वर्षभर त्या नायिकेच्या नावाने हाक मारली. त्यांना ते कौतुकच वाटत होतं.

स्टोचा भडका

माझा व्रण १९७३ पासून जागचा हललेला नाही. त्याचा अर्थ मात्र दर दहा वर्षांनी बदलत गेला.

मी लहान होते तेव्हा लोक माझ्याकडे पाहून आईकडे पाहत. "पोरीला स्टोजवळ बसवतं का कुणी?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला, की शेवटी आई कोणी विचारायच्या आधीच सांगू लागली, "माझ्या हातनं झालं." लग्नाच्या वयात व्रण माझ्या खात्यावर आला. 'मुलगी शिकलेली आहे, पण...' या 'पण'नंतर कोणी काही बोलत नसे. माझ्या धाकट्या मावशीने फोटो काढताना मला डावी बाजू पुढे करून उभं राहायला शिकवलं. दोन ठिकाणी तो फोटो पाहून पसंती आली आणि प्रत्यक्ष भेटीत गेली. नंतर मीच फोटोग्राफरला समोरून फोटो काढायला सांगितलं. त्या फोटोवर ज्यांनी होकार दिला, त्यांच्याबरोबर माझा संसार झाला.

खरी गंमत त्यानंतरची. गंमत म्हणते, पण माझ्या यजमानांना तिने फार छळलं. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात 'स्टोचा भडका' या शब्दांचा अर्थ बदलला होता. वर्तमानपत्रात नवविवाहितेच्या मृत्यूची बातमी याच शब्दांनी येत असे आणि वाचणाऱ्याला त्यामागचं न लिहिलेलं कळत असे. १९८३ साली भारतीय दंडविधानात ४९८ अ हे कलम आलं, १९८६ साली ३०४ ब आलं. हुंडाबळीची व्याख्या करणाऱ्या या दुसऱ्या कलमात भाजून झालेल्या मृत्यूचा वेगळा उल्लेख करावा लागला, यावरून परिस्थिती समजावी. हे कायदे हवेच होते. त्यासाठी झगडलेल्या स्त्रियांचं ऋण मी मानते. पण त्या दिवसांत गळ्यात मंगळसूत्र आणि मानेवर भाजल्याचा व्रण अशी मी एसटीत बसले, की शेजारची बाई खिडकीकडे पाहत पाहत हळूच विचारी, "सासरची माणसं कशी हैत गं बाई?" मी सांगे, "चांगली आहेत. हे लहानपणचं आहे." ती मान हलवी आणि म्हणे, "व्हय, सांगायचं असंच."

माझा नकार हाच तिच्या लेखी पुरावा होता. बाजारात आम्ही दोघं बरोबर असलो की लोक आधी माझ्याकडे, मग यजमानांकडे पाहत. ते पुढे पुढे माझ्याबरोबर भाजी आणायला यायचे टाळू लागले. आमच्यात यावरून भांडणंही झाली. मला वाटे, त्यांना माझी लाज वाटते. बऱ्याच वर्षांनी ते म्हणाले, "लाज नाही वाटत. मी तुला जाळलं असं लोकांना वाटतं, त्याचं काय करू?"

गेल्या दहा-पंधरा वर्षांत अर्थ पुन्हा बदलला. आता तरुण मुलं मला आदराने वागवतात आणि विचारतात, "मॅडम, ॲसिड?" 'छपाक' हा चित्रपट २०२० साली आला त्यानंतर हे वाढलं. मी स्टो म्हटलं की त्यांची किंचित निराशा होते. अपघात या शब्दात कोणाचाच दोष नाही आणि कोणाचा विजयही नाही.

दोन प्रयोग

इथपर्यंत मी लोकांविषयी लिहिलं. आता स्वतःविषयी लिहायला हवं, कारण माझ्या वाचनात आलेल्या एका प्रयोगाने मला काही दिवस अस्वस्थ केलं.

अमेरिकेत रॉबर्ट क्लेक आणि ख्रिस्टोफर स्ट्रेंटा या मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली तो प्रसिद्ध केला. प्रयोगात भाग घेणाऱ्या काही जणींच्या चेहऱ्यावर रंगभूषेने खोटा व्रण काढला आणि तो त्यांना आरशात दाखवला. मग 'रंग टिकावा म्हणून थोडं मलम लावतो' असं सांगून, त्यांच्या नकळत, व्रण पुसून टाकला. आता चेहरा कोरा होता, पण त्यांना ते ठाऊक नव्हतं. अशा अवस्थेत त्यांनी एका अनोळखी व्यक्तीशी गप्पा मारल्या. नंतर त्यांना विचारलं, तेव्हा समोरची व्यक्ती अवघडली होती, टक लावून पाहत होती किंवा नजर चुकवत होती, असं त्यांनी सांगितलं. प्रत्यक्षात पाहण्यासारखं काही नव्हतंच. ज्यांना 'तुम्हाला ॲलर्जी आहे असं समोरच्याला सांगितलं आहे' एवढंच सांगितलं होतं, त्यांना मात्र असं फारसं जाणवलं नाही.

हे वाचून मला माझी चाळीस वर्षं डोळ्यांपुढे आली. बसमधली शेजारची जागा रिकामी राहिली ती दरवेळी माझ्यामुळेच का? वर्गात मागच्या बाकावर कोणी हसलं ते मलाच का? कितीदा मी उगाच मान ताठ केली असेल, उगाच तुटक बोलले असेन!

पण दुसरा प्रयोगही सांगायला हवा, नाहीतर पहिल्याचा अर्थ 'सगळे मनाचे खेळ' असा निघेल. इंग्लंडमध्ये निकोला रम्झी आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक व्यक्ती रस्ता ओलांडण्याच्या जागी उभी राहत असे. कधी साध्या चेहऱ्याने, कधी रंगभूषेने चेहऱ्यावर डाग किंवा व्रण काढून. शेजारी येऊन थांबणारे लोक किती अंतरावर उभे राहतात, हे मोजलं गेलं. व्रण असताना लोक जास्त लांब उभे राहिले, आणि बहुतेक करून चेहऱ्याच्या चांगल्या बाजूला उभे राहिले. म्हणजे लोक टाळतात हेही खरं.

दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. पहिल्या प्रयोगातल्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर पंधरा मिनिटांपूर्वी व्रण नव्हता. व्रणाविषयी त्यांच्या मनात जे होतं, ते त्यांनी समोरच्याच्या डोळ्यांत वाचलं. ती समजूत त्यांनी समाजातूनच घेतलेली होती. व्रण असलेला माणूसही आकाशातून पडत नाही. भाजण्यापूर्वी तोही त्याच गर्दीतला असतो. लोक लांब उभे राहतात हे तो अनुभवाने शिकतो, आणि जिथे कोणी लांब उभं नाही तिथेही अंतर मोजत राहतो. यातलं पहिलं बदलणं लोकांच्या हाती आहे. दुसरं थोडंफार आपल्या.

दोन गावं

लोक खरोखर बदलतात का? पहिल्या महायुद्धात हॅरॉल्ड गिलीज यांनी चेहरे उद्ध्वस्त झालेल्या हजारो सैनिकांवर लंडनजवळच्या सिडकप इथे उपचार केले. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने ते काम अपूर्व होतं. पण रुग्णालयापासून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर काही बाक निळ्या रंगाने रंगवलेले असत. निळ्या बाकावर बसणारा माणूस कसा दिसत असेल याची गावकऱ्यांना आधीच सूचना मिळावी, हा हेतू.

दुसऱ्या महायुद्धात गिलीज यांचेच नातलग आणि शिष्य आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी ईस्ट ग्रिन्स्टेड या गावी भाजलेल्या वैमानिकांवर उपचार केले. त्यांनी उलट मार्ग धरला. रुग्णांना रुग्णालयाचे कपडे न घालता स्वतःचा गणवेश घालू दिला आणि गावकऱ्यांना विनंती केली, की या मुलांना घरी जेवायला बोलवा, नाचाला बोलवा, आणि टक लावून पाहू नका. गावाने ते मनावर घेतलं. टक न लावणारं गाव अशीच त्याची ख्याती झाली. तिथल्या रुग्णांनी १९४१ साली 'गिनी पिग क्लब' काढला. युद्ध संपेपर्यंत त्याचे ६४९ सदस्य झाले होते. आपल्यावर नवनवे प्रयोग झाले म्हणून त्यांनी स्वतःच हे थट्टेचं नाव घेतलं.

हे सैनिक होते, देशासाठी भाजलेले होते, म्हणून गावाला ते सोपं गेलं असेल. स्वयंपाकघरात भाजलेल्या बाईसाठी कोणी गाव उभं करत नाही. तरी त्यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. गावाला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगितलं, काय करा आणि काय करू नका. आपल्याकडे सगळे अंदाजाने वागतात, माझ्या लिपिकांसारखे.

कायद्याचा रकाना

आपल्या कायद्याने या विषयाची दखल घेतली ती मुख्यतः ॲसिड हल्ल्यांच्या संदर्भात. २०१३ साली दंडविधानात त्यासाठी स्वतंत्र कलमं आली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या विक्रीवर निर्बंध घातले आणि पीडितांना किमान तीन लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ॲसिड हल्ल्याच्या पीडितांचा समावेश झाला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक महत्त्वाचा निकाल दिला. बँकेचं खातं किंवा मोबाइलचं कार्ड घेताना कॅमेऱ्यासमोर पापणी लववून 'जिवंत' असल्याचं सिद्ध करावं लागतं. ज्यांच्या पापण्याच ॲसिडने गेल्या त्यांनी काय करायचं? ही प्रक्रिया सर्वांना करता येईल अशी बदला, डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने सांगितलं.

यात एक फट उरते. ॲसिडने विद्रूप झालेला चेहरा कायद्याच्या यादीत आहे, स्टोने, विजेने किंवा फटाक्याने झालेला नाही. सांधा आखडून हालचालीत अडथळा आला तर हालचालीच्या दिव्यांगत्वात त्याची गणना होऊ शकते. नुसता चेहरा भाजला असेल तर नाही. कायदाही व्रणामागची गोष्ट विचारतो. हल्लेखोर असेल तर रकाना आहे, नसेल तर नाही. नोकरीच्या मुलाखतीत नाकारणाऱ्याला मात्र हा फरक माहीत नसतो.

पाहावं कसं, विचारावं कसं

वयाच्या अठराव्या वर्षी गाडीला लागलेल्या आगीत भाजलेले जेम्स पार्ट्रिज यांनी १९९२ साली ब्रिटनमध्ये 'चेंजिंग फेसेस' ही संस्था काढली. त्यांचा भर एका साध्या गोष्टीवर होता. अनोळखी माणूस व्रण पाहून क्षणभर गोंधळतो. त्या क्षणाची सूत्रं व्रण असलेल्यानेच हाती घ्यावीत, म्हणजे स्वतःहून बोलावं, हसावं, एका वाक्यात सांगून विषय पुढे न्यावा. मी हे पुस्तकात वाचण्यापूर्वी वर्गात शिकले. दर वर्षी जूनमध्ये नव्या वर्गात पहिल्याच तासाला मी सांगत असे, "लहानपणी स्टोने भाजले. त्वचेच्या धड्याला आपण याचा उपयोग करणार आहोत." नंतर मुलं नीट ऐकत. ज्या वर्षी सांगायचं टाळलं त्या वर्षी दिवाळीपर्यंत त्यांचं लक्ष माझ्या मानेवर असे.

पण ही जबाबदारी रोज, प्रत्येक वेळी, एकट्या व्रणवाल्यानेच उचलावी असं मी म्हणणार नाही. थकवा येतो. म्हणून इतरांसाठी चार गोष्टी. नजर जाणारच, त्यात अपराध नाही. ती तिथे गोठू देऊ नका आणि झटकन वळवूही नका, डोळ्यांत पाहून बोला. पहिल्या भेटीत कारण विचारू नका. ओळख झाल्यावर विचारायचंच असेल तर सरळ विचारा, आणि जे उत्तर मिळेल ते खरं माना. 'बिचारी' म्हणू नका आणि 'किती शूर' असंही म्हणू नका. मी शूर नव्हते, पाढे लिहीत होते. लहान मुलाने मोठ्याने विचारलं तर त्याला चापट मारू नका. मुलाला साधं उत्तर पुरतं. चापट खाल्ल्यावर मात्र व्रण ही भीतीदायक गोष्ट आहे, हे ते कायमचं शिकतं.

शेवटी आईविषयी

लेखाची टिपणं काढताना एक दिवस मी आईला विचारलं, "लहानपणी तू मला उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे फ्रॉक का शिवायचीस? माझी लाज वाटायची का?" आई आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे. म्हणाली, "तुझी कशाला वाटंल? तुझ्या मानेकडं बघितलं की लोक माझ्याकडं बघायचे. ते सोसायचं नाही."

पन्नास वर्षं मी त्या बाह्यांचा अर्थ चुकीचा लावला होता.

दिवाळीत पहिल्या दिवशी आता मीच आईला तेल लावते. गेल्या वर्षी हाताला तेल लावताना तिची करंगळी आणि शेजारचं बोट सरळ होईना. मी ते नेहमी पाहत आले होते आणि वाताने आखडली असतील असं धरून चालले होते. त्या दिवशी उजेडात पाहिलं, तर दोन्ही बोटांच्या मुळाशी आणि तळव्यावर पांढरट, ताणलेली, चकचकीत कातडी होती. असली कातडी मी ओळखणार नाही तर कोण? टेरिलीनचा फ्रॉक तिने माझ्या अंगावरून हातांनी ओढून काढला होता. तिला दवाखान्यात कोणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, आणि मी रोज संध्याकाळी त्याच हाताने मालिश करून घेत होते.

"कधी बोलली नाहीस ती," मी म्हटलं.

"कुणी विचारलंच नाही," आई म्हणाली आणि दुसरा हात पुढे केला.